गाडीचा धूर काय सांगतो

१. पोरीचे डोके का दुखते?

काटोल तालुक्यातल्या एका गावची ही गोष्ट.

गावात एक भाऊ होते. त्यांची संत्र्याची थोडी बाग होती. बागेवर भागेना, म्हणून त्यांनी जुनी व्हॅन घेतली. गाडी २०१८ सालची, पेट्रोलवर चालणारी. सकाळी भाऊ शाळेची मुले काटोलला नेत. बाजाराच्या दिवशी माणसे नेत. बहार निघाला की संत्र्याच्या पेट्या नागपूरला नेत. घर गाडीवर चालत होते.

भाऊंची मुलगी त्याच गाडीने शाळेत जाई. ती सर्वांत मागच्या बाकावर बसे. हिवाळा सुरू झाला. थंडी वाजते म्हणून मुले काचा लावून घेऊ लागली. तेव्हापासून पोर कुरकुर करू लागली.

"बाबा, गाडीत बसलं की माझं डोकं दुखते. मळमळते."

भाऊ म्हणाले, "शाळेत जायचा कंटाळा आला असंल. दुसरं काय!"

आजी म्हणाली, "नजर लागली पोरीला." तिने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

गाडीही कुरकुर करीत होती. पूर्वीसारखी ओढत नव्हती. चढावर दम टाकत होती. पेट्रोल जास्त खात होती. समोरच्या तबकडीवर एक पिवळा दिवा लागला होता. त्यावर इंजिनाचे लहानसे चित्र होते. तो दिवा डोळ्यांना खुपतो म्हणून भाऊंनी त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

दिवा झाकला गेला. दोष मात्र तसाच राहिला.

पुढे एक दिवस शाळेच्या दारात गाडी थांबली. सगळी मुले उतरली. पोर उतरली नाही. ती बाकावर आडवी झाली होती. हाका मारल्या तरी नीट बोलेना. भाऊंचे पाय लटपटले. त्यांनी तिला उचलले आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तिला तपासले. प्राणवायू लावला. मग त्यांनी भाऊंना एकच गोष्ट विचारली.

"हिचं डोकं घरी दुखते, की गाडीत?"

"गाडीत, जी. उतरल्यावर थोड्या वेळाने थांबते."

"आणखी कोणाचं दुखते?"

भाऊंनी आठवून पाहिले. मागच्या बाकावरची आणखी दोन मुले तसेच म्हणत होती.

डॉक्टर म्हणाले, "मग औषध पोरीला नाही, गाडीला पाहिजे. तुमच्या गाडीचा धूर आत येऊन राहिला. आता तिच्यात एकही मूल बसवू नका. आधी गाडी तपासा."

पोर त्या दिवशी वाचली. पण मोटारीच्या धुराने डोके दुखते आणि जीवही जातो, हे भाऊंना पहिल्यांदा कळले.

२. न दिसणारा वायू

चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो. तो दिसतो, त्याचा वास येतो. म्हणून आपण दूर सरतो. मोटारीच्या धुरात एक वायू असा असतो की, तो दिसत नाही, त्याला वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. इंधन अर्धवट जळले की हा वायू तयार होतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत. त्यांचा जीव घेणारा वायू हाच.

हा वायू काय करतो? आपल्या रक्तात लाल कण असतात. ते फुप्फुसातून प्राणवायू घेतात आणि अंगभर पोचवतात. जणू प्राणवायू वाहून नेणाऱ्या बैलगाड्याच! हा विषारी वायू त्या गाड्यांत जाऊन बसतो. प्राणवायूपेक्षा तो रक्ताला दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. गाड्या भरलेल्या असतात, पण माल विषारी असतो. मेंदूला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते. मग चक्कर येते, मळमळते, झोप येते. त्या झोपेतच माणूस जातो.

लहान मुलांना, गरोदर बायांना आणि हृदयाचा आजार असलेल्यांना याचा धोका जास्त.

३. धुराची वाट

आता धूर कोणत्या वाटेने जातो ते पाहू.

इंजिनात पेट्रोल आणि हवा एकत्र येतात. प्लग ठिणगी टाकतो. पेट्रोल भडकते आणि त्या जोरावर गाडी चालते. जळून उरलेला वायू इंजिनातून बाहेर पडतो. तो एका लोखंडी नळीत शिरतो. ही नळी गाडीच्या पोटाखालून मागे जाते. वाटेत एक डबा लागतो. त्याला कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या पुढे सायलेन्सर असतो. सायलेन्सर आवाज कमी करतो. शेवटी नळीचे तोंड गाडीच्या मागे उघडते.

पुष्कळ लोक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर एकच समजतात. तसे नाही. सायलेन्सर आवाज गिळतो. कन्व्हर्टर विष मारतो.

कन्व्हर्टरच्या आत काय असते? आत चिनी मातीसारख्या पदार्थाची एक वडी असते. मधाच्या पोळ्याला जशी घरे असतात, तशी तिला बारीक छिद्रे असतात. एका चौरस इंचात सुमारे ४०० छिद्रे! त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ लेप असतो. हे धातू फार महाग आहेत. सगळ्या डब्यात ते थोडे ग्रॅमच असतात.

हे धातू मध्यस्थाचे काम करतात. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन्हीकडच्या मंडळींना एकत्र आणतो. लग्न लागते. मध्यस्थ मात्र होता तसाच राहतो आणि दुसरे लग्न जुळवायला जातो. तसेच येथे होते. विषारी वायू आणि प्राणवायू यांची गाठ हे धातू घालून देतात. विषारी वायूचा साधा कर्बवायू होतो. न जळलेल्या पेट्रोलच्या वाफेचे पाणी आणि कर्बवायू होतात. आणखी एक घातक वायू असतो, नायट्रोजन आणि प्राणवायू मिळून झालेला. तोही फुटून वेगळा होतो. धातू झिजत नाहीत. अशा मध्यस्थाला शास्त्रात उत्प्रेरक म्हणतात.

हा डबा थंड असताना काम करीत नाही. तो सुमारे २५० ते ३०० अंशांपर्यंत तापला की कामाला लागतो. म्हणून गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे तिचा धूर जास्त विषारी असतो. सकाळी नळीतून पाण्याचे थेंब पडले, थोडी वाफ निघाली, तर भिऊ नये. ते जळण्यातून झालेले पाणीच असते.

४. हा डबा आपल्याकडे कधी आला?

अमेरिकेत १९७५ सालच्या मोटारींपासून असे डबे सर्रास बसू लागले. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा लावणे सक्तीचे झाले.

त्या वेळी एक अडचण होती. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे. शिशाचा थर डब्यातल्या धातूंवर बसला की डबा निकामी होई. ते शिसे मुलांच्या मेंदूलाही घातक होते. म्हणून आधी त्या शहरांत आणि मग १ फेब्रुवारी २००० पासून सगळ्या देशात शिसे नसलेले पेट्रोल मिळू लागले. डब्यासाठी शिसे गेले आणि मुलांचेही भले झाले.

पुढे धुराचे नियम कडक होत गेले. त्यांना भारत स्टेज असे नाव आहे. चौथा टप्पा १ एप्रिल २०१७ पासून आणि सहावा टप्पा १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाला. पाचवा टप्पा मध्ये गाळला. आता नव्या मोटारसायकलींनाही असा डबा असतो.

या कामाशी आपल्या नागपूरचेही नाते आहे. नागपुरात वर्धा रस्त्यावर नीरी नावाची मोठी संस्था आहे. तिचे पूर्ण नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. ती १९५८ साली सुरू झाली. हवा, पाणी, सांडपाणी यांचा अभ्यास तेथे चालतो. महाग धातूंऐवजी स्वस्त पदार्थांचा उत्प्रेरक करता येईल का, यावरही तेथील शास्त्रज्ञांनी संशोधन केले आहे.

५. "डबा पोकळ करून देतो"

आता पुन्हा भाऊंच्या गाडीकडे वळू.

भाऊंनी रिकामी गाडी, काचा उघड्या ठेवून, जवळच्या एका कारागिराकडे नेली. त्याने खाली वाकून पाहिले आणि म्हटले, "तुमचा कन्व्हर्टर चोक झाला. नवा फार महाग येते. मी आतली जाळी फोडून काढतो. डबा पोकळ करून देतो. गाडी पळंल घोड्यावाणी."

भाऊंच्या मनात आले, स्वस्तात काम होते, करून टाकावे. पण पोरीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यांनी विचारले, "मग धुरातल्या विषाचं काय?"

कारागीर गप्प बसला.

भाऊ गाडी घेऊन नागपूरला गेले. तेथे त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री होते. मिस्त्रींनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारपूस केली. गाडी कधीपासून ओढत नाही? दिवा कधी लागला? पेट्रोल किती खाते? मुलगी कोठे बसते?

मग त्यांनी ती काळी चिकटपट्टी काढली आणि म्हणाले, "भाऊ, दिवा बोंबलून सांगत होता. तुम्ही त्याचं तोंड बांधलं."

६. मिस्त्रींची तपासणी

मिस्त्रींनी क्रमाने तपासणी केली. आपणही हा क्रम लक्षात ठेवावा.

पहिली तपासणी धुराच्या रंगाची. गाडी मोकळ्या जागेत सुरू केली. निळा धूर आला तर इंजिनात ऑइल जळते. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबला नाही, तर रेडिएटरचे पाणी इंजिनात शिरते. काळा धूर आला तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर धुळीने भरला तरी असे होते. भाऊंच्या गाडीच्या धुराला रंग नव्हता. पण कच्च्या पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे कोठेतरी पेट्रोल न जळताच बाहेर पडत होते.

दुसरी तपासणी कानाची. इंजिन एका तालात चालत नव्हते. मधूनच ठेका चुकत होता. मिस्त्री लोक याला 'मिसिंग' म्हणतात. गाडीच्या पोटाखालून फस्-फस् आवाज येत होता. धूर वाटेतच फुटत होता.

तिसरी तपासणी गळतीची. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ दिले. गाडी जॅकने उचलली. नुसत्या जॅकच्या भरवशावर मिस्त्री खाली गेले नाहीत. त्यांनी आधी भक्कम स्टँड लावले. नळीच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. एका पोऱ्याला मागे उभे केले. गाडी सुरू केल्याबरोबर त्याने जाड ओल्या कापडाने नळीचे तोंड क्षणभर दाबले. कन्व्हर्टरच्या अलीकडच्या सांध्यावर भराभर बुडबुडे आले. सायकलच्या पंक्चरला येतात तसे! त्या सांध्याभोवती काजळीही जमली होती. सांध्यातले गॅस्केट फुटले होते.

म्हणजे धूर डब्यात शिरण्याआधीच बाहेर पडत होता. पूर्ण विषारी धूर. पण तो आत कसा गेला? मिस्त्रींनी मागचे बाक उचलले. जादा बाक बसवताना तळाच्या पत्र्याला भोके पाडली होती. त्यातली दोन उघडीच होती. त्यांच्या वरच पोरीची जागा होती.

चौथी तपासणी कोंडीची. मिस्त्रींनी थंड डब्यावर हाताच्या मुठीने हलके ठोकले. आत खळखळ झाली. जाळी फुटली होती. मग त्यांनी डब्याच्या अलीकडचा सेन्सर काढून त्या जागी दाब मोजायचे मीटर लावले. टायरची हवा ज्या मापात मोजतात, त्याच मापात हा दाब मोजतात. इंजिन सावकाश चालू असताना काटा दीडच्या खाली असावा. रेस देऊन मिनिटाला अडीच हजार फेरे केले, तर तीनच्या खाली असावा. भाऊंच्या गाडीत काटा आठाच्या वर गेला. डब्यात धूर कोंडला होता. नाक दाबले तर माणूस धावेल का? गाडीचेही तसेच झाले होते.

पाचवी तपासणी स्कॅनरची. गाडीत दोन पहारेकरी असतात. एक सेन्सर डब्याच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. अलीकडच्या सेन्सरचा आकडा सारखा वरखाली होतो. डबा नीट काम करीत असेल, तर पलीकडच्याचा आकडा बराचसा स्थिर राहतो. दोघेही सारखेच नाचू लागले, तर डब्याने काम सोडले असे समजावे. गाडीचा संगणक तशी नोंद करतो. त्या नोंदीचा क्रमांक पी ०४२०. पण एवढ्या क्रमांकावरून डबा बदलू नये. सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली गेली तरी सेन्सर फसतो. म्हणून आधी गळती पाहावी, मग डब्याला दोष द्यावा.

स्कॅनरने आणखी एक गोष्ट सांगितली. इंजिनाच्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नव्हते.

७. मूळ सापडले

मिस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला. प्लगच्या पांढऱ्या भागाला केसासारखी चीर होती. खात्री करण्यासाठी त्यांनी तो प्लग पहिल्या सिलिंडरला लावला आणि पहिल्याचा तिसऱ्याला. आता पहिला सिलिंडर चुकू लागला. तिसरा नीट चालला. दोष प्लगबरोबर सरकला. चोर सापडला!

मिस्त्रींनी भाऊंना जवळ बसवले आणि सगळी साखळी उलगडून सांगितली.

"प्लगला चीर गेली. ठिणगी पडेना. पेट्रोल न जळता नळीत गेलं. तापलेल्या डब्यात जाऊन ते पेटलं. डबा लालबुंद झाला. आतली जाळी फुटली, वितळली. तिने वाट बुजवली. वाट बुजली म्हणून धूर कोंडला. कोंडलेल्या धुराने सांध्याचं गॅस्केट फोडलं. तिथून धूर भोकातून वर गेला. आणि पोरीचं डोकं दुखलं."

भाऊ थक्क झाले. "एवढ्याशा प्लगने इतकं केलं?"

"हो जी. दिवा लागला तेव्हाच आले असते, तर प्लगवर भागलं असतं. आता डबाही गेला. अन् नुसता नवा डबा लावला असता, तर तोही याच प्लगने जाळला असता."

ही गोष्ट सर्वांनी मनात ठेवावी. कन्व्हर्टर सहसा आपोआप मरत नाही. त्याला कोणीतरी मारते. ठिणगी चुकली तर तो जळतो. इंजिन ऑइल खात असेल तर त्यावर थर बसतो. रॉकेल मिसळलेले पेट्रोल घातले तरी त्याची हानी होते. मारणारा आधी शोधावा, मग डबा बदलावा.

८. दुरुस्ती कशी झाली?

मिस्त्रींनी सगळे प्लग बदलले. इंजिन एका तालात चालू लागले. नंतर फुटलेला डबा काढला. वितळलेली जाळी दुरुस्त होत नाही. ती धुऊन किंवा ठोकून बरी होत नाही. म्हणून त्या गाडीच्या मापाचा नवा कन्व्हर्टर बसवला. सांध्याला नवे गॅस्केट घातले. नळीच्या एका कडीला वेल्डिंग करायचे होते. त्याआधी बॅटरीची तार काढली, म्हणजे गाडीचा संगणक जळत नाही. तळाची भोके पत्रा लावून बुजवली. शेवटी पुन्हा साबणाचे पाणी लावून पाहिले. एकही बुडबुडा आला नाही. मीटरचा काटा एकच्या खाली राहिला.

मिस्त्रींनी जुना डबा भाऊंच्या हातात दिला. "हा टाकून देऊ नका. यात महाग धातू आहे. जाणता भंगारवाला याचे चांगले पैसे देते. कोणी तुमचा डबा बदलला, तर जुना मागून घ्या. नवा कोणत्या कंपनीचा, ते बिलावर लिहून घ्या."

खर्च बराच आला. भाऊंचे त्या बहाराचे बरेच पैसे गेले. पण गाडी पूर्वीसारखी ओढू लागली. पेट्रोल कमी लागू लागले.

मग भाऊंनी पीयूसी करून घेतली. पीयूसी म्हणजे धूर तपासल्याचा दाखला. भारत स्टेज चार आणि पुढच्या गाड्यांना तो वर्षातून एकदा काढावा लागतो. त्याहून जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी. भाऊंच्या गाडीसारख्या मोटारीला धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा शंभरात ०.३ भाग इतकी आहे. डबा पोकळ केलेली गाडी या परीक्षेत सहसा उतरत नाही. धुराचा नियम मोडल्यास कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि तुरुंगवासही सांगितला आहे.

भाऊंच्या गाडीचा जुना दाखला त्या हिवाळ्यातही मुदतीत होता. दाखला वर्षाचा असतो. धूर रोजचा असतो. म्हणून दाखला खिशात असला तरी नाक, कान, डोळे उघडे ठेवावेत.

दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा मागच्या बाकावर बसली. शाळेत पोचल्यावर भाऊंनी विचारले, "डोकं दुखते का गं?"

"नाही दुखत," पोर म्हणाली आणि दप्तर घेऊन पळाली.

भाऊ बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

९. आपण काय करावे?

इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला, तर चार दिवसांत गाडी दाखवावी. दिवा उघडझाप करू लागला, तर लगेच वेग कमी करावा आणि रेस देऊ नये. सुरक्षित जागा पाहून थांबावे. ठिणगी चुकत आहे आणि डबा जळत आहे, असा त्याचा अर्थ.

गाडी वारंवार ढकलून सुरू करू नये. कच्चे पेट्रोल डब्यात जाते. बॅटरी कमजोर असेल तर बॅटरीचा उपाय करावा.

वाळलेले गवत, कडबा, तणस यांवर तापलेली गाडी उभी करू नये. डबा इतका तापतो की खालचे गवत पेट घेते. खळ्याजवळ तर गाडी उभीच करू नये.

बंद शेडमध्ये गाडी सुरू ठेवू नये. काचा लावून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नये. गाडीत चढल्यावर दुखू लागलेले डोके उतरल्यावर थांबत असेल, तर ते साधे दुखणे समजू नये.

कोणी गाडीत गुंगलेला दिसला, तर आधी दारे उघडून इंजिन बंद करावे. त्याला मोकळ्या हवेत आणावे. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. धुराची शंका आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावायच्या चिमटीवर प्राणवायूचा आकडा चांगला दिसला, तरी फसू नये. ती चिमटी विषारी वायू आणि प्राणवायू यांतला फरक ओळखत नाही.

डिझेलच्या गाडीची धूर साफ करण्याची रचना वेगळी असते. तिची तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. पण गळती, कोंडी आणि दिवा यांचा नियम तिलाही लागू आहे.

ताप आला की शहाणा माणूस थर्मामीटर फोडत नाही. तापाचे कारण शोधतो. गाडीचेही तसेच आहे. दिवा झाकू नका. डबा फोडू नका. कारण शोधा.

आठवा आणि सांगा

१. मुलीचे डोके घरी न दुखता गाडीतच का दुखत होते?
२. कन्व्हर्टर आणि सायलेन्सर यांत फरक काय?
३. उत्प्रेरकाला मध्यस्थ का म्हटले आहे?
४. निळा, पांढरा आणि काळा धूर काय सांगतो?
५. मिस्त्रींनी प्लगची अदलाबदल का केली?
६. नुसता नवा डबा बसवला असता, तर काय झाले असते?

करून पाहा

आपल्या घरची किंवा शेजारची गाडी सकाळी मोकळ्या जागेत सुरू करायला सांगा. दूर उभे राहून धुराचा रंग पाहा. आवाज ऐका. तबकडीवर कोणता दिवा लागून राहतो ते पाहा. जे दिसले ते वहीत चार ओळींत लिहा. ती वही मिस्त्रीला दाखवा.